सुकाणूची झीज

मोटार घरी आली की आपण तिचे कौतुक कशाकशावरून करतो? रंगावरून, वेगावरून, पेट्रोल किती पिते यावरून, मागच्या बाकावर किती माणसे मावतात यावरून. दसऱ्याला झेंडूचा हार चढतो तो पुढच्या जाळीवर आणि हळदकुंकू लागते ते बॉनेटला. ज्या एका वस्तूच्या भरवशावर सारे कुटुंब आपण तुळजापूर-पंढरपूरला घेऊन जातो, त्या स्टिअरिंगची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही. इंजिन रुसले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. फार तर लिंबाच्या सावलीत बसून बरोबर आणलेल्या दशम्या लवकर सोडाव्या लागतात. हॉर्न मुका झाला तर तोंडाने हाक मारता येते. पण चाक आणि हात यांच्यामधला एखादा सांधा ऐन वळणावर सुटला, तर देवाचे नाव घेण्याइतकीही सवड मिळत नाही.

अशा या उपेक्षित वस्तूचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्यात म्युनिकचा एक गाडी बांधणारा कारागीर आहे, लंडनचा एक चित्रविक्रेता आहे, मद्रासचा एक कारखाना आहे आणि आमच्या सोलापुरात जन्मलेला एक धाडसी पुरुषही आहे. फराळाचे ताट पुढे असताना अवजारांची भाषा फार बोलू नये हे मला समजते. म्हणून लागेल तेवढीच बोलेन.

आपल्या बैलगाडीला सुकाणू नाही. तिला ते लागतही नाही. दोन चाके, एक आख, आणि पुढे दोन शहाणे बैल. कासरा ओढला की बैल वळतात आणि गाडी निमूटपणे त्यांच्यामागे जाते. टांग्याचेही तेच. पंचाईत होते ती गाडीला चार चाके आली म्हणजे. जुन्या बग्गीत पुढचा अख्खा आख मधल्या एका खिळीवर फिरत असे. वळण घेताना चाक पेटीखाली शिरे, त्यामुळे पुढची चाके लहान ठेवावी लागत. आणि वळण जरा आखूड झाले की बग्गी कलंडण्याचा धोका असे, कारण तिचा पाया नेमका त्याच क्षणी अरुंद होई.

यातला मर्म ज्यांनी खळ्यावर मळणी पाहिली आहे त्यांना चटकन कळेल. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो, आणि कडेच्या बैलाला लांबचा फेरा पडतो. मोटारीच्या पुढच्या दोन चाकांचे असेच आहे. वळणाच्या आतले चाक जास्त वळले पाहिजे, बाहेरचे कमी. दोघांना एकाच आखाला जखडून ठेवले तर हे जमावे कसे?

म्युनिकचा गाड्या बांधणारा गेओर्ग लँकेनस्पेर्गर याने 1816 च्या सुमारास यावर तोड काढली. आख स्थिर ठेवायचा, आणि त्याच्या दोन टोकांना दोन उभ्या खिळी बसवून प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळू द्यायचे. दोघांना एका आडव्या दांडीने जोडायचे. इंग्लंडात या युक्तीचे पेटंट 1818 मध्ये त्याचा प्रतिनिधी रूडॉल्फ आकरमन याने घेतले. हा आकरमन मुख्यतः चित्रे छापून विकणारा. गाड्यांचे आराखडेही काढी. नौसेनापती नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथ त्याच्याच कल्पनेतला. लँकेनस्पेर्गरचे नाव मागे पडले, आणि आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ही रचना ‘आकरमन स्टिअरिंग’ म्हणून शिकवतात. त्यातही मौज अशी की, तिच्या आधी अर्धे शतक, चार्ल्स डार्विनचे आजोबा डॉक्टर इरॅस्मस डार्विन यांनी आपल्या घोडागाडीसाठी हीच युक्ती योजली होती. श्रेय एकाचे, काम दुसऱ्याचे आणि कल्पना तिसऱ्याची, असा हा मामला पहिल्यापासूनच आहे.

मोटार निघाली तेव्हा हे ज्ञान तिच्या जनकालाही लगेच उपयोगी पडले नाही. कार्ल बेंझच्या 1886 च्या पहिल्या मोटारीला तीनच चाके होती, कारण चार चाकांची गाडी वळवावी कशी हे कोडे त्याला समाधानकारक सुटले नव्हते. 1893 मध्ये त्याने दोन खिळींच्या रचनेचे पेटंट घेतले आणि मग त्याची मोटार चार चाकांवर आली. त्या काळच्या मोटारी होडीसारख्या दांड्याने वळवीत. 1894 च्या पॅरिस ते रूआँ शर्यतीत आल्फ्रेड व्हाशरोन याने आपल्या पानार मोटारीला दांड्याऐवजी गोल चाक बसवले. तेव्हापासून दांडा हळूहळू हद्दपार झाला आणि चाक मोटारहाक्याच्या हातात आले. होडीचे सुकाणू आणि मोटारीचे स्टिअरिंग यांचे नाते असे जुने आहे. म्हणून मी या लेखात दोन्ही शब्द मोकळेपणाने वापरणार आहे.

सुकाणूवरून वालचंद हिराचंद यांची आठवण होणे सोलापूरकराला स्वाभाविक आहे. त्यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरचा. घरचा सावकारी-व्यापाराचा धंदा सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ते रेल्वेची कंत्राटे घेऊ लागले. 1919 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी काढली आणि ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून विलायतेला धाडले. 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, 1941 मध्ये विशाखापट्टणला जहाजबांधणीची कोनशिला बसली, आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी स्थापन झाली. जहाज, विमान आणि मोटार! ज्याला ज्याला म्हणून सुकाणू लागते ते ते सारे या माणसाला आपल्या देशात घडवावयाचे होते. परक्या सरकारचा या खटाटोपाला उत्साहाचा पाठिंबा नव्हता, हे सांगावयास नकोच.

अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून प्रीमियरचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला, आणि 1947 मध्ये स्वातंत्र्याच्या आधी काही महिने तेथून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. 8 एप्रिल 1953 रोजी वालचंदशेठ निवर्तले. त्यानंतर वर्षभराने आलेली फियाट 1100 काही त्यांना पाहता आली नाही. हीच गाडी नाव आणि रूप थोडे थोडे बदलीत 1970 नंतरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा चेहरा तो हाच. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला माणसासारखा निरोप दिला.

याच 1953 साली आणखी एक गोष्ट घडली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची. परदेशातून आलेल्या सुट्या भागांची नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी येथेच भाग बनवण्याची योजना मांडावी, नाही तर काम बंद करावे, असे धोरण सरकारने स्वीकारले. जनरल मोटर्सचा मुंबईचा जुळणी-कारखाना 1928 पासून चालू होता. तो गेला, फोर्डही गेली. देशी कारखान्यांना यातून बळ मिळाले यात शंका नाही. परंतु ज्यांच्या दारात आधीच परदेशी मोटारी उभ्या होत्या, त्यांच्या सुट्या भागांचा झरा आटत गेला. कोणा संस्थानिकाच्या, कोणा गिरणीमालकाच्या हौसेची एमजी स्पोर्ट्स मोटार असे. 1945 ते 1949 या काळातल्या एमजी टीसीचे स्टिअरिंग एका छोट्या पेटीतून चाले. या पेटीतला मळसूत्री दांडा आणि त्यात अडकलेली खुंटी झिजली, की गाडी सरळ रस्त्यावरही चोरपावलांनी डावी-उजवीकडे सरकू लागे. 1950 च्या टीडी मोटारीत कंपनीने पेटीऐवजी दातेरी पट्टी आणि चक्री घातली. हिलाच रॅक आणि पिनियन म्हणतात. ती अधिक नेमकी, पण तिच्याही टोकांना सांधे आलेच.

पेटीच्या झिजेत एक शहाणपणाची गोष्ट आहे. गाडी बहुतेक वेळ सरळच जात असते, त्यामुळे पेटीचे दाते मध्यावर सर्वांत जास्त झिजतात आणि कडांना जवळपास कोरे राहतात. उतावळा मिस्त्री पेटीवरचा स्क्रू आवळून मधला ढिलेपणा घालवतो. मग वळण घेताना चाक कडांना अडकून बसते. जेथे झिजले तेथे बरे आणि जेथे झिजले नाही तेथे संकट! जुने मिस्त्री म्हणूनच स्क्रू आवळण्याआधी चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहत.

आता मद्रासकडे वळू. तेथल्या स्टँडर्ड मोटर कंपनीने 1961 मध्ये हेरल्ड ही मोटार काढली. मूळची ती इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड. 1959 मध्ये निघालेली, आणि रूपरेखा इटलीच्या मिकेलोत्ती यांची. हिचा सांगाडा वेगळा आणि त्यावर शरीर तुकड्या-तुकड्यांनी बोल्टांनी कसलेले. त्यामुळे पेट्यांतून भाग नेऊन दूरदेशी जुळणी करणे सोपे होई. हिचे अख्खे बॉनेट दिव्यांसकट पुढे कलते, आणि मिस्त्रीला टायरवर ऐसपैस बसून इंजिन व स्टिअरिंग दोन्ही पाहता येतात. आणि वळण? जेमतेम 25 फुटांच्या वर्तुळात ही गाडी फिरे. गल्लीच्या तोंडाशी ती अशी गर्रकन वळली की बघ्यांना नवल वाटे.

याच हेरल्डच्या सांगाड्याचा आधार घेऊन ट्रायम्फने 1962 मध्ये स्पिटफायर ही छोटी, उघडी स्पोर्ट्स मोटार काढली. पुढच्या चाकांचे उभे दांडे, सांधे आणि स्टिअरिंगची दातेरी पट्टी यांची ठेवण तीच. त्याच साली आलेल्या लोटस एलान या नामांकित स्पोर्ट्स मोटारीनेही पुढच्या चाकांना ट्रायम्फच्याच जातीचे उभे दांडे घेतले. म्हणजे आपल्याकडचे डॉक्टर ज्या गाडीतून पेशंट पाहावयास जात, तिचे आणि विलायतेतल्या शर्यतबाजांच्या मोटारीचे पाय एकाच घराण्यातले होते. मद्रासची हेरल्ड 1971 पर्यंत निघत होती. तिच्यामागून गॅझेल आली आणि 1977 च्या सुमारास तीही थांबली.

या घराण्याचा एक विशेष सांधा आहे. त्याला ट्रनियन म्हणतात. प्रत्येक पुढच्या चाकामागे पोलादाचा एक उभा दांडा असतो. त्याच्या वरच्या टोकाला खांद्याच्या हाडासारखा गोळीचा सांधा. आणि खालच्या टोकाला आटे पाडलेले. हे आटे कांशाच्या एका जाड चंबूत, लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरावे तसे, फिरतात. आपण स्टिअरिंग वळवतो तेव्हा दांडा चंबूत किंचित वर-खाली होतो. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. युक्ती सुंदर आहे, पण तिची एक अट आहे: या चंबूत दाट तेल गेले पाहिजे, ग्रीस नव्हे. तोंड मात्र ग्रीसच्या निपलासारखेच! ग्रीस घट्ट बसते, आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पावसाचे पाणी मागे राहते आणि पोलाद आतून गंजते. बाहेरून काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी दांडा आट्यांपाशी तुटतो, आणि चाक गाडीखाली मुडपते.

सोलापुरातल्या माझ्या एका स्नेह्यांकडे अशी एक दोन दारांची हेरल्ड आहे. नवरात्रात तिच्यातून तुळजापूरला जाण्याचा त्यांच्या घरचा परिपाठ. दोन वर्षांपूर्वी चाक हातात थरथरू लागले, म्हणून गाडी मिस्त्रीकडे गेली, आणि या विषयाची गोडी असल्यामुळे मीही गेलो. मिस्त्रीचे वडील सोलापूरच्या गिरणीत लेथवर होते. 1877 मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. मागाहून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशी नावे तिच्या पंगतीला बसली. या गिरण्यांनी गावाला चादरी-कापड दिले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु विलायती यंत्राचा मोडलेला भाग येथल्या येथे कातून देणारे हातही त्यांनीच तयार केले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ते हात मात्र गॅरेजांतून आणि छोट्या वर्कशॉपांतून अजून थोडेफार टिकून आहेत.

मिस्त्रीने गाडीचे तोंड जॅकवर उचलले. चाक डावी-उजवीकडून धरून हलवले. टाय रॉडच्या टोकाचा गोळीचा सांधा खडखडला. मग वर-खाली धरून हलवले, तेव्हा आणखी एक टक्‌ असा आवाज आला. मालकांना ब्रेकवर पाय दाबून धरावयास सांगून त्याने चाक पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर चाल नाहीशी झाली असती तर दोष बेअरिंगचा. ती तशीच राहिली. मिस्त्री म्हणाला, “मालक, बेअरिंग नाही. खालचा सांधा बोलायलाय.”

टाय रॉडचा सांधा सोडवताना त्याने आटे किती फेऱ्यांनी सुटले ते मोजून भिंतीवर खडूने लिहिले, म्हणजे नवा सांधा त्याच मापावर बसावा. निमुळता खिळा अडून बसला होता. त्याने आट्यांवर घाव न घालता सभोवारच्या कडीवर बाजूने हातोडीचा एक मोजका ठोका दिला. खिळा आपण होऊन खाली आला. मग उभा दांडा चंबूतून उलगडून बाहेर काढला. आट्यांच्या खाचांत वाळलेल्या ग्रीसचा काळा चिकटा होता आणि त्याखाली गंजाने पोलाद उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते.

स्नेही म्हणाले, “वेल्डिंगचा भर घालून पुन्हा आटे पाडता येणार नाहीत का? घटस्थापना आठ दिवसांवर आली.”

मिस्त्रीने दांडा फडक्याने पुसला. “बुश लागले तर आत्ता लेथवर करून देतो मालक. गनमेटलचे देतो, टिकेल. पण हा दांडा मी वेल्ड करणार नाही. ह्यावर तुमची नातवंडं बसायलीत.”

“दुसरीकडे कोणी करून देईल.”

“देईल की. गाडी खुशाल न्या. माझी मजुरी पण नको.”

गाडी नेली नाही. त्या वर्षी तुळजापूरची वारी एसटीने झाली. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत चोर बाजारात चौकशी झाली. शेवटी दांडे आणि कांशाचे चंबू, दोन्ही चाकांचे, जोडीने विलायतेहून आले. ते तेथे अद्याप बनतात याचे कारण हेरल्ड नव्हे. स्पिटफायरवर जीव टाकणारे हजारो हौशी लोक तेथे आहेत, म्हणून. धाकट्या, नटव्या बहिणीच्या पुण्याईवर थोरली, संसारी बहीण जगते आहे म्हणावयाचे! आणि याच सोलापुरात 1992 पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या कारखान्यात मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट घडतात आणि परदेशी जातात. एक भाग येथून जातो, एक तेथून येतो. वालचंदशेठ असते तर त्यांना यातला पहिला अर्धा अधिक आवडला असता.

नवे भाग बसवताना मी मुद्दाम हजर होतो. दांडा चंबूत पूर्ण आत फिरवून मिस्त्रीने तो सुमारे एक फेरा मागे घेतला, म्हणजे चाक दोन्हीकडे पुरते वळले तरी आटे तळाला अडणार नाहीत. नवा दांडा जुन्या चंबूत घालावयाचा नाही, हेही त्याने सांगितले. झिजलेले आणि कोरे यांचे पटत नाही. नटांत नव्या स्प्लिट पिना घातल्या. नंतर पिचकारीने तेल, आतून ओघळून बाहेर येईपर्यंत. शेवटी चाकांची दिशा. मोठ्या दुकानांत आता हे काम प्रकाशकिरणांनी होते. येथे सुताचा एक लांब दोरा गाडीच्या दोन्ही बाजूंना ताणला आणि पुढचे-मागचे अंतर पोलादी पट्टीने मोजले. सोलापुरात सुताला काय तोटा! विजापूर रस्त्यावर फेरी झाली. चाक हातात असे स्थिर होते की स्नेही काही वेळ बोललेच नाहीत.

आजच्या मोटारींत स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते, सांधे कायमचे बंदिस्त असतात, आणि झिजले की फेकून नवे घालतात. त्यात तक्रार करण्याजोगे काही नाही. त्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत. फक्त एवढेच की, झीज हाताला कळावयाची जी जुनी सोय होती ती कमी झाली आहे. आणि मला वाटते, यंत्र कोणतेही असो, जहाजाचे, विमानाचे, मोटारीचे, त्याच्या इतिहासात कल्पना काढणाऱ्यांइतकेच महत्त्व या ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसांना आहे. लँकेनस्पेर्गरचे नाव निदान शोधले तर सापडते. गाडी वेल्ड करून न देणाऱ्या मिस्त्र्यांची नोंद कोठेच नसते, कारण त्यांच्यामुळे जे घडले नाही ते बातमीत येत नाही.

हेरल्डच्या बॉनेटला आतल्या बाजूने, निपलाच्या वर, मिस्त्रीने पांढऱ्या रंगाने दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत: ‘येथे ग्रीस घालू नये. तेल घालावे.’ खाली तारीख आहे. नाव नाही.